‘रामदास’ बोटीची वार्ता : एक साक्षीविचार

जुलै महिना उजाडला म्हणजे मराठी वृत्तपत्रांतून ‘रामदास’ बोटीच्या जलसमाधीविषयीं दोनचार लेख नेमानें प्रसिद्ध होतात. गेलीं कित्येक वर्षें हे लेख मी कात्रून ठेवीत आलों आहें. पोथ्यांच्या शोधांत ज्यानें उमेदीचा काळ घालविला त्यास एकाच ग्रंथाच्या अनेक प्रती समोर मांडून पाठ ताडून पाहण्याची संवय लागते. ती संवय सेवानिवृत्तीनंतर या कात्रणांवर चालविली. त्यांतून जें हातीं लागलें तें वाचकांपुढें ठेवितों. वऱ्हाडांत राहणाऱ्यानें समुद्राविषयीं लिहावें याचें कोणास हंसूं येईल. आम्हांस समुद्राची ओळख ती अकोला-अमरावतीच्या बाजारांतून मुंबईकडे जाणाऱ्या कापसाच्या गाठींपुरती. परंतु प्रस्तुत लेखाचा विषय समुद्र हा नसून साक्ष हा आहे, आणि साक्षीची परीक्षा अकोल्यास बसूनही करितां येते.

प्रथम निर्विवाद भाग सांगतों. गुरुवार, ता. १७ जुलै १९४७ रोजीं सकाळीं आठाच्या सुमारास ‘रामदास’ ही आगबोट मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघाली. ऐन पावसाळा, वारा सुटलेला, आणि अमावास्या जवळ आल्यामुळें समुद्रास उधाणाचे दिवस. बोटीवर सातशेंच्या घरांत माणसें होतीं. निघाल्यानंतर तासाभराच्या आंतच लाटांचें पाणी बोटींत शिरलें, भयभीत उतारू एका अंगास धांवले, आणि बोट कलंडून बुडाली. बोटीवर बिनतारी संदेशाचें यंत्र नव्हतें. त्यामुळें मुंबईस ही वार्ता दुपार होईपर्यंत पोंचली नाहीं. जे वांचले त्यांपैकीं कित्येकांस रेवसकडील कोळ्यांनीं आपल्या होड्यांतील मासळी समुद्रांत टाकून वर घेतलें. एवढ्या मजकुराविषयीं माझ्याजवळील सर्व कात्रणांचें एकमत आहे.

आतां मतभेदाकडे वळूं. त्यापूर्वीं एका अशा ठिकाणाकडे लक्ष वेधतों कीं जेथें मतभेद नाहीं आणि नेमकें तेंच संशयास्पद आहे. ही बोट १९३६ सालीं स्वान-हंटर या इंग्रज कारखान्यानें बांधिली, व त्याच कारखान्यानें जगप्रसिद्ध ‘क्वीन एलिझाबेथ’ हें जहाजही बांधिलें होतें, असें विधान लेखामागून लेखांत, बहुधा त्याच शब्दांत, येतें. विधानाचा उत्तरार्ध चुकीचा आहे. ‘क्वीन एलिझाबेथ’ हें जहाज स्कॉटलंडांत क्लाइडबँक येथें जॉन ब्राऊन यांच्या गोदींत बांधिलें गेलें व १९३८ सालीं पाण्यांत उतरलें. ‘रामदास’ बांधिली जात असतां त्याचा लौकिक होण्याचें कारणच नव्हतें. पाठचिकित्सेचा जुना नियम असा आहे कीं, दोन प्रतींत शुद्ध पाठ समान आढळला तर त्यावरून कांहीं सिद्ध होत नाहीं. पण अशुद्ध पाठ समान आढळला तर दोन्ही प्रती एकाच मातृकेवरून उतरल्या असें समजावें. हा नियम लाविला असतां माझ्या जवळचीं बहुतेक कात्रणें ही एकाच पूर्वलेखाची संतति ठरते. दहा लेख म्हणजे दहा साक्षी नव्हेत. ती एकच साक्ष दहा वेळां नोंदलेली आहे. गंमत अशी कीं, खरा दाखला हवाच होता तर तो त्याच कारखान्याच्या इतिहासांत होता. १९१२ सालीं ‘टायटॅनिक’च्या वांचलेल्या लोकांस ज्या ‘कार्पेथिया’ जहाजानें उचलून घेतलें तें स्वान-हंटर यांचेंच बांधकाम. लेखांच्या मथळ्यांत ‘भारताची टायटॅनिक’ असें लिहिणाऱ्यांस हा योगायोग दिसूं नये, याचा अर्थ शोध कोणी केलाच नाहीं, नक्कल मात्र सर्वांनीं केली.

दुसरें स्थळ मृतांच्या संख्येचें. छापील वृत्तांतांत ही संख्या सव्वासहाशेंपासून सातशेंच्या जवळपास फिरते. लेखक त्यांतील एक आंकडा घेतात आणि बाकीचे गाळतात. कोणता घेतला याचें कारण कोणीही देत नाहीं. वास्तविक अशा बोटीवर उतारूंच्या नांवांची यादी ठेवण्याचा प्रघात नव्हता. संख्या निघावयाची ती विकलेल्या तिकिटांवरून. तिच्यांत खलाशी, उपाहारगृहाचीं माणसें, बिनतिकिटी उतारू आणि कडेवरचीं मुलें कोणी धरलीं, कोणी वगळलीं. म्हणून दोन निरनिराळ्या बेरजा दोन्ही प्रामाणिक असूं शकतात. ज्यास संख्या सांगावयाची त्यानें त्या बेरजेंत कोण कोण धरले आहेत हेंही सांगावें. तें न सांगतां केवळ आंकडा छापणें म्हणजे शक न सांगतां वर्ष सांगण्यासारखें आहे.

लोकवाङ्मय संख्येचें काय करतें हें पाहावयाचें असल्यास ‘वैतरणा’ बोटीचें उदाहरण घ्यावें. विजेचे दिवे असल्यामुळें लोक तिला ‘वीजळी’ म्हणत. ती ८ नोव्हेंबर १८८८ रोजीं कच्छ-मांडवीहून मुंबईस येण्यास निघाली आणि सौराष्ट्राच्या किनाऱ्याजवळ वादळांत नाहींशी झाली. अधिकृत गणनेंत माणसें सातशेंच्या वर होतीं. गुजराती गीतांत व दंतकथेंत तीं तेराशें झालीं आणि बरोबर तेरा लग्नाचीं वऱ्हाडेंही आलीं. तेरा आणि तेराशें यांचा हा मेळच सांगतो कीं येथें मोजदाद नसून विलाप आहे. पण गीतांस दोष देण्यापूर्वीं एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. ‘वीजळी’वरील एकही मनुष्य परत आला नाहीं. जेथें प्रत्यक्षदर्शी कोणीच उरला नाहीं तेथें शोक हाच काय तो दस्तऐवज. ‘रामदास’ची गोष्ट तशी नव्हती. तिचे साक्षी वांचले, आपापल्या गांवीं गेले, संसार केले, म्हातारे झाले, आणि आपण त्यांस पुरेसें विचारलें नाहीं. ११ नोव्हेंबर १९२७ रोजीं एकाच वादळांत बुडालेल्या ‘जयंती’ व ‘तुकाराम’ या दोन बोटींविषयीं आज कोंकणाबाहेर किती जणांस ठाऊक आहे, हें पाहिलें म्हणजे न विचारण्याचें फळ काय तें कळतें.

विस्मृतीस एक कारण काळानेंही पुरविलें. अपघाताच्या दुसऱ्याच दिवशीं, १८ जुलै रोजीं, हिंदुस्थानच्या स्वातंत्र्याच्या कायद्यास लंडन येथें राजाची संमति मिळाली. त्यानंतर अठ्ठावीस दिवसांनीं स्वातंत्र्य आलें, आणि त्याबरोबर फाळणीची कत्तल. त्या गर्दींत कुलाबा जिल्ह्यांतील खेड्यापाड्यांचा आकांत मागें पडला. १९४७ सालीं दहा वर्षांचा असलेला मुलगा आज नव्वदीच्या उंबरठ्यावर आहे. म्हणून साक्षींचा विचार करावयाचा तर आजच.

परंतु ‘शेवटचा वांचलेला’ आणि ‘शेवटचा साक्षी’ हे दोन निराळे पुरुष आहेत, आणि वार्षिक लेखांत त्यांची सर्रास गल्लत होते. ‘टायटॅनिक’वरील शेवटची वांचलेली व्यक्ति, मिलविना डीन, ही ३१ मे २००९ रोजीं वारली. जहाज बुडालें तेव्हां ती दोन महिन्यांची होती. तिला त्या रात्रीचें कांहींच आठवत नव्हतें व आठवणें शक्यही नव्हतें. ज्यांस कांहीं आठवत होतें अशांपैकीं शेवटची लिलियन अॅसप्लंड. ती १९१२ सालीं पांच वर्षांची होती व २००६ सालीं वारली. म्हणजे साक्ष संपली ती २००६ सालीं. जगानें दुखवटा पाळला तो २००९ सालीं. वांचलेल्या व्यक्तीस मान द्यावा हें योग्य. परंतु इतिहासकारानें आपला अखेरचा दिवस कोणता हें ओळखलें पाहिजे.

यावर कोणी म्हणेल कीं, साक्ष गेली तरी कागद आहेत, चौकशीचे अहवाल आहेत. आणि स्मृति ही तर मुळांतच अविश्वसनीय. हा पक्ष बलवान् आहे. तर्कसंग्रहकारांनीं केवळ संस्कारापासून उत्पन्न होणारें ज्ञान तें स्मृति असें लक्षण करून तिला अनुभवाहून वेगळें काढिलें. प्रत्यक्ष, अनुमान, उपमान व शब्द या चार प्रमाणांत स्मृतीस स्थान नाहीं. आमच्या इतिहासांतही राजवाड्यांनीं १८९८ सालीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ याच्या पहिल्या खंडाच्या प्रस्तावनेंत बखरींतील वृत्तें अस्सल पत्रांशीं ताडून त्यांची काय वाट लाविली हें या नियतकालिकाच्या वाचकांस सांगावयास नको. मी स्वतः याच शिस्तींत वाढलों.

तथापि कागदही चुकतो. ‘टायटॅनिक’ बुडतांना दुभंगली असें कित्येक वांचलेल्यांनीं सांगितलें होतें. सतरा वर्षांचा जॅक थेयर हा त्यांपैकींच एक. दुसरे कित्येक ती अखंड बुडाली असें म्हणत. ब्रिटिश चौकशीनें अखंड बुडाल्याचा पक्ष ग्राह्य धरला आणि पाऊणशें वर्षें पुस्तकांनीं तोच गिरविला. १९८५ सालीं समुद्राच्या तळाशीं जहाजाचा सांगाडा सांपडला तो दोन तुकड्यांत. ज्यांस वेड्यांत काढिलें त्यांनीं पाहिलेलेंच सांगितलें होतें. यावरून अहवाल टाकून द्यावे असें निघत नाहीं. इतकेंच निघतें कीं, अहवालानें नाकारलेली साक्ष शब्दशः राखून ठेवावी. कारण तिची परीक्षा करणारें साधन पुढें केव्हां निघेल याचा नेम नसतो.

आतां या विषयाकडे मी कां वळलों तें सांगणें प्राप्त आहे. तें सांगतांना मला अभिमान वाटत नाहीं.

अकोल्यास आमच्या शेजारीं एक गृहस्थ राहत. सारी आळी त्यांस नाना म्हणे. ते मूळचे अलिबाग तालुक्यांतील. ‘रामदास’वर होते तेव्हां वीस वर्षांचे. कोळ्यांच्या होडीनें त्यांस वर घेतलें. पुढें समुद्रापासून जितकें लांब जातां येईल तितकें जावें म्हणून ते वऱ्हाडांत आले व एका जिनिंगच्या कारखान्यांत कामास राहिले. दरवर्षीं दिव्यांच्या अंवसेस संध्याकाळीं ते अंगणांत बसून ती हकीकत सांगत. १९७९ सालीं मी संस्कृतचा विद्यार्थी होतों. साधनचिकित्सेचें वारें नुकतेंच अंगांत भरलें होतें. एक वही घेऊन मीं त्यांची हकीकत निळ्या शाईनें उतरून घेतली. नंतर एका जुन्या लेखाशीं ती ताडून जेथें जेथें भेद दिसला तेथें तांबड्या शाईनें ‘शुद्ध’ केली. वही नानांस वाचून दाखविली. ते एवढेंच म्हणाले, “तुम्ही शिकलेले. असेल तसंच.” त्यानंतर त्यांनीं मला ती गोष्ट पुन्हां सांगितली नाहीं. १९९४ सालीं ते वारले.

२०२३ सालीं १७ जुलैलाच अमावास्या आली आणि दुसऱ्या दिवसापासून अधिक श्रावण लागला. तिथीवाराचा हा मेळ पाहून मला शंका आली कीं शहात्तर वर्षांपूर्वीं हेंच असलें पाहिजे. कारण एकोणीस वर्षांच्या चक्राचे चार फेरे म्हणजे शहात्तर. वडिलांच्या पेटींतून शके १८६९ चें पंचांग काढिलें. त्या वर्षींही श्रावण अधिकच होता. मात्र एक बारीक फरक होता. १७ जुलै १९४७ रोजीं सूर्योदयास चतुर्दशी होती. अमावास्या त्या दिवशीं मागाहून लागली व १८ तारखेस सकाळीं संपली. म्हणजे दिव्यांची पूजा १७ ची संध्याकाळीं करणें शास्त्रास धरून होतें, पण बोट निघाली ती सकाळ उदयतिथीनें चतुर्दशीची.

मीं वही काढली. निळ्या शाईंत नानांचें वाक्य होतें कीं, त्या दिवशीं सकाळीं चौदस होती, अंवस संध्याकाळची, म्हणून तोंवर घरीं पोंचावें व आईबरोबर दिवे घासावे असा त्यांचा बेत होता. त्या ‘चौदस’ शब्दावर मीं तांबडी रेघ मारून वर ‘अमावास्या’ असें लिहिलें होतें. कारण लेखांत अमावास्या होती. आणि लोक गटारीसाठीं निघाले होते असें तो लेख सांगत होता. एका मनुष्यास आपण कां निघालों होतों हें ठाऊक होतें. मीं त्याच्या तोंडून तें काढून घेतलें आणि त्या जागीं छापील कारण घातलें.

वाचकांची समजूत एकांगी होऊं नये म्हणून उलट बाजूही नमूद करितों. त्याच वहींत नाना सांगतात कीं, धक्क्यावर चक्राचा तिरंगा लाविलेला त्यांनीं पाहिला. हें अशक्य आहे. चक्रांकित ध्वज संविधान सभेनें स्वीकारला तो २२ जुलै १९४७ रोजीं, म्हणजे बोट बुडाल्यानंतर पांच दिवसांनीं. पुढील महिन्यांत सर्वत्र पाहिलेला ध्वज स्मृतीनें मागें नेऊन त्या सकाळीं लाविला. तेव्हां एकाच साक्षींत एक विधान पंचांगानें खरें ठरलें व एक कॅलेंडरनें खोटें ठरलें. यांतून मला एक विवेक सुचतो. जें साक्षीच्या स्वतःच्या कामाशीं बांधलेलें असतें, कोणास भेटावयाचें होतें, हातांत काय होतें, कोणत्या वेळेपर्यंत घरीं पोंचावयाचें होतें, तें स्मृति घट्ट धरते. जें सार्वजनिक असतें, आणि पुढें वर्षानुवर्षें चित्रांत व समारंभांत डोळ्यांपुढें येत राहतें, तेथें नवें जुन्यावर चढतें. बखरींच्या परीक्षेंतही हाच विवेक लाविल्यास पुष्कळ भाग टाकाऊ ठरण्यापासून वांचेल असें मला वाटतें.

वहींतील तिसरी तांबडी खूण सर्वांत लहान आहे. नानांनीं आपल्या वाडींतील, त्याच बोटीवर असलेल्या, लोकांचीं नांवें सांगितलीं होतीं. पहिलीं दोन मीं लिहिलीं. पुढें नांवांचा इतिहासाशीं काय संबंध असें वाटून ‘इ. सहा असामी’ एवढें लिहून मी मोकळा झालों. बोटीवर उतारूंची यादी नव्हती हें वर सांगितलें. अशा ठिकाणीं बुडालेल्यांचें नांव राहण्याचा मार्ग एकच, कोणी ओळखीच्यानें तें सांगावें व कोणी तें लिहावें. सांगणाऱ्यानें सांगितलें होतें. संस्कृत भाष्यकार ‘आदि’ शब्दानें काय काय घ्यावयाचें तें पुढें उलगडून सांगतात. माझ्या ‘इ.’चा उलगडा करणारा आतां कोणी नाहीं.

हें सर्व टाळतां आलें असतें, आणि टाळण्याची रीति शिकावयास मला अमरावती जिल्ह्याबाहेरही जावयास नको होतें. रिद्धपूर येथें तेराव्या शतकांत म्हाइंभटांनीं श्रीचक्रधरांच्या लीळा जमविल्या त्या साक्षींकडूनच. नागदेवाचार्यांपासून आरंभ करून, ज्यानें जें पाहिलें तें त्याच्याकडे जाऊन विचारून. पुढें मूळ प्रत धाडींत नष्ट झाली व पाठ पुन्हां स्मरणांतून उभा करावा लागला. त्या वेळीं स्मरणांत भेद पडले. परंतु संप्रदायानें ते पुसले नाहींत. अमक्याची वासना अशी, तमक्याची वासना अशी, म्हणून ते सांगणाऱ्याच्या नांवानिशीं पोथींत ठेविले. महानुभावीय पोथ्यांतील हा ‘वासना’ शब्द पाठभेदवाचक आहे हें आपल्या वाचकांस परिचित आहेच. डॉ. वि. भि. कोलते यांची १९७८ ची लीळाचरित्राची आवृत्ति उघडावी म्हणजे या शिस्तीचें मोल कळेल. सातशें वर्षांपूर्वीं वऱ्हाडांतील एका संकलकास जें समजलें होतें तें १९७९ सालीं अकोल्याच्या एका पदवीधरास समजलें नाहीं.

म्हणून ‘रामदास’विषयीं पुढें लिहिणाऱ्यांस माझी विनंति अशी. पूर्वीच्या लेखावरून लेख उतरूं नये; उतरला तर कोठून उतरला हें सांगावें. संख्या दिली तर ती कोणाकोणाची हें द्यावें. जे अद्याप हयात आहेत, बोटीवरचे असोत, किनाऱ्यावरचे असोत, कीं त्यांची हकीकत समक्ष ऐकलेलीं मुलें असोत, त्यांचे शब्द त्यांच्या बोलींत, न सुधारतां, तारीख घालून लिहावे. सुधारणा लिहिणाऱ्यानें आपल्या नांवानें समासांत करावी. आणि नांवें विचारावीं. ज्या संग्राहकांजवळ १९४७ सालचीं पत्रें, दुकानांच्या वह्या वा खेड्यांतील जन्ममृत्यूचीं टिपणें असतील त्यांनीं आषाढाच्या अखेरीचीं पानें एकवार चाळावीं. कोणाच्या उधारीच्या खात्यावर त्या तिथीनंतर नोंदच नसेल, तर तीही एक साक्ष आहे.

माझी वही मी एका संग्रहास देणार आहें. तांबडी शाई खोडावी असा मोह मला झाला होता. तो आवरला. निळा पाठ हा नानांचा, तांबडा माझा. दोन्ही वाचले म्हणजे साक्ष कशी नष्ट होते याचेंही प्रमाण वाचकांस मिळेल. ‘इ. सहा असामी’ या ओळीपुढें मात्र मीं पेन्सिलीनें एक रिकामी ओळ आंखून ठेविली आहे. अलिबाग तालुक्यांतील कोणा वाचकास ती भरतां आली तर त्यानें अवश्य कळवावें.